हातमोजे माझ्या हातात होते

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर लोक काय काय बोलून जातात. मूळव्याध, दारू, अडलेली पाळी, सुनेला दिवस राहत नाहीत, मुलगा रात्रभर खोकतो — सगळं. मुरुम गावच्या बाजारपेठेत तीस वर्षं दुकान चालवतोय. निम्म्या गावाची गुपितं माझ्या पोटात आहेत आणि एकही ओठावर आलेलं नाही, असं लोक माझं कौतुक करतात. त्या सगळ्यांच्या तळाशी माझं स्वतःचं एक पडलेलं आहे. बायकोला ते ठाऊक नाही. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, ठाऊक नव्हतं आणि ती तशीच गेली. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? — तुमचे डोळे मला दिसत नाहीत म्हणून असेल.

डोळ्यांचं पुढं येईलच.

आधी हे सांगतो की मी भित्रा माणूस आहे. अंगावर पाल पडली तर त्या दिवशी मला जेवण जात नाही. इंजेक्शनं विकतो, पण दुसऱ्याला टोचताना मला बघवत नाही. बायको पाहुण्यारावळ्यांत हे हसून सांगते आणि मीही हसतो. तेवढ्या भित्रेपणानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी — सांगतो, क्रमानं सांगतो. घाई केली की मी महत्त्वाचं तेवढं गाळतो, ही माझी जुनी खोड आहे.

दुकानाच्या मागंच आमचं घर, आणि घरामागं भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या आहेत. एकीत दत्ता राहायचा. तिशीचा, सीमेपलीकडून आलेला, कानडी मिसळून मराठी बोलणारा. बसस्टँडजवळ त्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी होती. राहिलेलं काम तो खोलीवर आणायचा, त्यामुळं जमिनीवर सदा फुटक्या काचा, बारीक स्क्रू, पोट उघडलेले मोबाइल. स्वभावानं गरीब. महिन्याच्या सुरुवातीला दुकानात येऊन एका बाजूला उभा राहायचा आणि गर्दी सरली की हळूच चिठ्ठी पुढं करायचा. एकच गोळी, रोज एक. ती कशाची हे मला चिठ्ठी न वाचताही कळत होतं. रक्तातली कावीळ. पाण्यातून होते ती वेगळी, ती येते आणि जाते. ही रक्तातून दुसऱ्याकडं जाते आणि काही जणांच्या अंगात कायमचा मुक्काम ठोकते. त्याला मीच समजावलं होतं की सोबत जेवल्यानं, हात मिळवल्यानं काही होत नाही, फक्त रक्ताला जपायचं. तो मान डोलवायचा आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा.

मार्गशीर्षातल्या एका भरदुपारी त्याचा टपरीतला भागीदार खोलीवर आला. दोघांत भांडण झालं — कशावरून, ते कोर्टात अजून चाललंय — आणि दत्ता त्या खोलीतच संपला. भागीदार आपल्या पायानं ठाण्यात जाऊन बसला. पोलीस आले, फोटो काढले, पंचनामा झाला. पंच म्हणून माझीही सही घेतली. ती मी दाराबाहेर उभा राहून केली. दत्ताचे भाऊ येऊन त्याला गावी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, आमचं काम झालं असं सांगून पोलिसांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

ती किल्ली हातात घेऊन मी किती वेळ अंगणात उभा होतो कुणास ठाऊक. दार लावलेलं होतं, तरी वास येत होता. तुम्ही कधी विचार केलाय का, की पोलीस गेल्यावर ती जागा कोण साफ करतं? मी केला नव्हता. ते जमिनीवरचं आपोआपच जात असेल असं वाटत असावं. जात नाही. ते तिथंच असतं आणि घर तुमचं असतं.

आणि रविवारी माझ्या मुलीला, शिवानीला, बघायला पाहुणे येणार होते.

ठिकाण चांगलं होतं. अव्वानं वर्षभर त्यासाठी देव पाण्यात ठेवले होते. घरामागं खून झालाय हे पाहुण्यांना कळलं होतं, गावाला कळलं तेव्हा त्यांना कळणारच. तरी ते येतो म्हणाले होते. फक्त येतील तेव्हा वास नको, माशा नकोत, दाराशी गर्दी नको. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. दत्ता गेल्याचं दुःख? होतं हो. पण ते खरं सांगायचं तर रविवारनंतर करायचं ठेवलं होतं.

मी नगरपरिषदेतल्या हणमंत मुकादमाला बोलावलं. सफाईच्या कामात त्याचं आयुष्य गेलंय. त्यानं खिडकीतून एकदाच आत पाहिलं, उंबऱ्याला पायही लावला नाही. कोरोनात त्यांना शिकवायला माणसं आली होती, अंगभर पोशाख कसा घालायचा, तो काढताना कुठं हात लावायचा नाही, सगळं. त्याआधी त्याच्या एका सोबत्याला कचऱ्यातली सुई लागली होती आणि तो माणूस पुढं कामावर राहिला नव्हता. हे सगळं मला सांगून तो म्हणाला, "आप्पा, हे झाडायचं काम न्हाय. रगतात काय हाय ते डोळ्याला दिसत न्हाय. शिकल्याली माणसं येत्यात सोलापूरहून, त्यांना बोलवा. तंवर कुणाला आत सोडू नका." आणि त्यानं नंबर लिहून दिला.

मी फोन लावला. लावला, हे खरं आहे. पलीकडचा माणूस शांत आवाजात बोलत होता. कुणी आत गेलंय का, नाही ना, मग जाऊ देऊ नका. झाडू लावू नका, पाणी ओतू नका, पाण्यानं ते पसरतं आणि खाली मुरतं. फरशी कसली आहे? शहाबादी, सांधे मातीचे, मी म्हणालो. मग काही फरश्या उचलाव्या लागतील, शनिवारी गाडी घेऊन येतो, चार माणसं असतील. आणि मग त्यानं विचारलं की मयताला काही आजार होता का, कावीळ वगैरे?

मी "माहीत नाही" म्हणालो आणि फोन ठेवला.

का ठेवला? दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की दुसऱ्याचं आजारपण बोलायचं नाही हा औषधाच्या दुकानाचा धर्म आहे. ऐकायला किती बरं वाटतं. खरं असं होतं की मला ती गाडी डोळ्यांपुढं दिसली. शनिवारी दारात उभी, गल्ली जमलेली आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली चार माणसं माझ्या अंगणातून आत जाताहेत. कोरोनात ज्या दारात तसा पोशाख दिसला त्या दारातून लोक पुढं सहा महिने गेले नव्हते. खून झाला हे लोक विसरतात, खून दुसऱ्यानं केला. पण त्या घरात रोग आहे असं एकदा तोंडात पडलं की सोयरीक गेलीच. भ्यालो मी.

अव्वाला या कशाचा पत्ता नव्हता. तिच्या मते उपाय सोपा होता. आमच्यात सुतक धरत नाहीत असं आम्ही चारचौघांत सांगतो, पण अव्वाला शेणानं सारवल्याशिवाय जागा शुद्ध झाली असं कधी वाटलं नाही, मग ती फरशी का असेना. आधी धुवायचं, मग वर शेणाचा हात फिरवायचा, मग जंगम स्वामींना बोलावून विभूती टाकायची. आणि हे करायला कस्तुराबाई होतीच.

कस्तुराबाई आमच्याकडं बावीस वर्षं धुणीभांडी करत होती. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा महादेव जीप चालवायचा, त्याची बायको सारिका. शिवानीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. सोड्यानं तिच्या हातांना बारमाही भेगा असायच्या. मी अधूनमधून मलम द्यायचो, आणि ती ते स्वतःला न लावता सुनेच्या टाचांना लावायची. अव्वानं शब्द टाकला आणि ती हो म्हणाली. शिवानीचं शुभकार्य आहे, मी न्हाय करायचं तर कुणी करायचं, असं काहीसं म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मी दुकानातून हातमोज्यांच्या दोन जोड्या घेऊन आलो. एक तिला, एक मला. हे मी मुद्दाम सांगतोय, म्हणजे मला काहीच कळत नव्हतं असं तुम्हाला वाटू नये. मी तिच्यापुढं जोडी धरली. अव्वा मागून म्हणाली की हातमोजे घालून कुठं सारवण होतं का, ते शुद्ध कसं होणार? कस्तुराबाई हसली. "आप्पा, त्याच्यातनं शेण हाताला कळत न्हाय बघा. जाड-पातळ हुतं." आणि बादली उचलून आत गेली.

एका वाक्याचं काम होतं. कस्तुराबाई, याच्या रक्तात कावीळ होती. बस. ती तेवढ्यावर थांबली असती. बाई शहाणी होती. मी जोडी खिशात घातली. दुसरी जोडी माझ्या हातांत होती — आत पाऊलही टाकणार नव्हतो तरी ती मी घालून ठेवली होती — आणि तसाच दारात उभा राहिलो.

आत काय होतं ते मी सांगणार नाही. जिनं तिथं हात घातला तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही, तर मी दारातून बघितलेलं कशाला सांगू? कसं केलं तेवढं सांगतो. तिनं बादलीभर पाणी ओतलं, म्हणजे नको तेच पहिल्यांदा झालं. जंतुनाशक ओतून ते मुरेपर्यंत थांबायचं असतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी फिनेलची बाटली आत सरकवली. ती काथ्यानं घासत होती. पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली जात होतं आणि पुन्हा वर येत होतं. तोंडाला पदर बांधलेला, हात उघडे. आणि मीच — हेही ऐका — मीच दारातून म्हणालो की कस्तुराबाई, सांध्यातलंही काढा, नाहीतर रविवारी वास येईल.

तिनं बोटं घातली सांध्यात. नखानं माती उकरायला लागली.

मग ती "हाय" म्हणाली, अगदी हळू. दत्ताच्या मोबाइलची काच होती, नखाएवढी, मातीत उभी रुतलेली. तिनं बोट वर करून पाहिलं आणि आपण सगळेच जे करतो ते केलं. बोट तोंडात घातलं.

मी बघितलं. हातमोजे घातलेल्या हातांनी मी चौकट धरली. ती माझ्याकडं बघून म्हणाली की काय न्हाय आप्पा, जरासंच हाय. अव्वानं हळद आणून दाबली. पाच मिनिटांत ती पुन्हा कामाला लागली. त्याच हातानं तिनं शेण कालवलं आणि फरशीवरून असा सुरेख हात फिरवला की दुपारी खोलीत उन्हाचा पट्टा आला तेव्हा तिथं काही घडलं होतं असं कुणी म्हटलं नसतं. रविवारी पाहुणे आले. त्यांनी मागच्या खोलीकडं मान वळवूनही पाहिलं नाही. सोयरीक जमली.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? चूक झाली, भीतीनं तोंड उघडलं नाही. नाही, थांबा. मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. त्याच्या भोवतीनं फिरतोय, मला कळतंय.

त्या दिवसापासून मी कस्तुराबाईच्या डोळ्यांचं पांढरं बघायला लागलो. सकाळी ती दारातून आत आली की आधी डोळे. एक महिना गेला. दुसरा गेला. ही कावीळ अंगात गेली तरी दोन-दोन, तीन-तीन महिने दिसत नाही हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक आठवडा गेला की मी मनात म्हणायचो, सुटलो. बघा, सुटलो म्हणायचो. ती सुटली असं म्हणायचं सुचत नव्हतं. बायको एकदा म्हणालीच की तुम्ही कस्तुराबाईकडं असं काय टक लावून बघता? मी चिडलो. भांडण झालं. तिला भलताच संशय आला असता तर परवडलं असतं, असं त्या वेळी मला खरंच वाटून गेलं.

शिमग्यानंतर एका सकाळी ती भांडी घासता घासता भिंतीला टेकून बसली. म्हणाली, तोंडाला चव न्हाय, ऊन बाधलंय. मी जवळ गेलो. डोळे पिवळे होते.

तेव्हाही सांगता आलं असतं. पण तिला कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. गळ्यात काटक्यांची माळ घातली. ती माळ दिवसागणिक लांब होत जाते, गळ्यातून पोटापर्यंत आली की कावीळ उतरली असं समजायचं. माझ्या काउंटरसमोर उभी राहून तिनं ती माळ मला दाखवली, छातीपर्यंत आली म्हणून. मी तिला ग्लुकोजचा पुडा दिला. माळ लांबत होती आणि बाईचं पोट फुगत होतं.

आणि मग अव्वा म्हणाली की त्या खोलीतलंच काहीतरी लागलंय तिला. दत्ताचा जीव घुटमळत होता, त्यानं धरलं. घरात सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी शिकलेला, औषधांतला. मी म्हणालो, "असेल. काही सांगता येत नाही."

ते वाक्य दोन दिवसांत गावभर झालं. मेडिकलवाले आप्पासुद्धा तसंच म्हणतात. ती कामाला जायची त्या बाकीच्या दोन घरांनी तिचं काम बंद केलं. ज्या नळावर ती पाणी भरायची तिथं बायका तिला पुढं जाऊ द्यायच्या — मान म्हणून नव्हे, तिच्या मागं उभं राहायला नको म्हणून. ते तिला कळत होतं. मला ती एकदा दुकानात म्हणाली, "आप्पा, त्या पोराचं म्या काय वाईट केलं हो? त्याची जागा म्या सवताच्या हातानं सारवली." तिला वाटत होतं दत्ता तिच्यावर रागावलाय. मरेपर्यंत वाटत होतं.

मला वाटतं, मी गिऱ्हाइकाकडं वळलो.

महादेवनं तिला शेवटी सोलापूरला नेलं. तिथून आला तो फाइल घेऊन थेट दुकानात. डॉक्टर काय काय बोलले, पोराला धड कळलं नव्हतं. "आप्पा, वाचून सांगा की." आमच्याकडं रिपोर्ट मेडिकलवालाच वाचून सांगतो, ही रीतच आहे. मी वाचला. पहिल्याच पानावर होतं, रक्तातली कावीळ. खाली डॉक्टरांनी हातानं एक ओळ लिहिलेली होती की घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. मी म्हणालो, "कावीळच आहे. पाण्यातून होते. पाणी उकळून प्या." ती खालची ओळ मी अंगठ्याखाली धरली होती.

त्यानं माझ्या पायाला हात लावला आणि गेला.

त्यानंतर अकराव्या दिवशी कस्तुराबाई घरीच वारली. सोलापूरहून परत आणली होती. शेवटी तिला रक्ताच्या उलट्या झाल्या. मी गेलो तेव्हा मातीच्या एका खोलीत बायका जमल्या होत्या, तिला बाहेर आणलं होतं आणि आत सारिका जमिनीवर उकिडवी बसली होती. पुढ्यात बादली, शेणाचा गोळा. हात उघडे. टाचांसारखेच तिचे हातही भेगाळलेले. ती सासूचं रक्त पुसायला वाकली होती.

आणि मी पुन्हा दारात उभा होतो.

"थांब," मी म्हणालो. "हात घालू नको." सगळ्या बायका वळल्या. सारिकानं विचारलं, का हो आप्पा? बावीस वर्षं जिनं आमचं उष्टं काढलं ती बाहेर आडवी होती आणि मी एवढंच म्हणू शकलो की भेगा पडल्यात गं तुझ्या हाताला. दुकानातून हातमोजे आणले, ब्लीचिंग पावडर आणली. पोशाखातल्या माणसांना दुसऱ्या कुणाकडून तरी फोन लावून घेतला. ते आले, त्यांचं काम दोन तासांत झालं, कुणाला ओरखडाही उठला नाही. गल्ली जमली होती. घडलं काहीच नाही. लोक बघून घरी गेले. मी त्या गाडीकडं बघत बसलो होतो.

पुढं मी महादेव आणि सारिकाची तपासणी करवली, घरात कावीळ झाली की करतात असं सांगून. दोघांचंही रक्त चांगलं निघालं. मग त्यांना लस दिली, सिस्टरकडून, महिन्याच्या अंतरानं. ताकदीचं इंजेक्शन म्हणून. खरं अजून सांगितलेलं नाही. ते दोघं मला देवमाणूस म्हणतात.

मागच्या आठवड्यात सारिका दुकानात आली होती. सहज बोलता बोलता म्हणाली, "आत्या लई याद काढायच्या तुमची. म्हणायच्या, त्या खोलीत कुणी यायला तयार न्हवतं, पर आप्पांनी मला एकटं सोडलं न्हाय. काम हुईस्तोवर दारात हुबं राहिले." मी गोळ्या मोजत होतो. पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

आता सांगतो. आता राहिलेलं एवढंच आहे.

त्या शुक्रवारी, तिचं बोट कापलं आणि सारवण संपलं त्यानंतर, मी अंगणात हातमोजे काढले, दोनदा आंघोळ केली आणि दुकानात गेलो. शटर अर्धं खाली ओढलं. या काविळीची लस असते हे तुम्हाला माहीत असेल. मला तर माहीतच होतं, मीच ती विकतो. असं रक्त अंगात गेलं तर पहिल्या दिवशीच ती टोचायची असते, तिच्यासोबत आणखी एक इंजेक्शन असतं, ते सोलापूरहून संध्याकाळपर्यंत आलं असतं. मी फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात लसीच्या बाटल्या होत्या. ज्याला दुसऱ्याला टोचताना बघवत नाही त्या माणसानं सुई भरली आणि आपल्याच दंडात टोचली. मला काही लागलं नव्हतं. मी आत गेलो नव्हतो. मी ती लस वर्षांपूर्वीच घेतलेली होती, तिन्ही डोस. तरी पुन्हा घेतली. भीती वाटत होती म्हणून.

त्या वेळी कस्तुराबाई माझ्या घराच्या मोरीवर हात धूत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढ्या अंतरावर. तिला दिली असती तर तिनं विचारलं असतं, कशाची सुई, आप्पा?

फ्रीजमध्ये सहा बाटल्या होत्या. मी एक घेतली आणि दार लावलं. पाच आत राहिल्या.